मागली खोली विकू नये

मी, गोरख रखमाजी वेठेकर, वय ७५, धंदा शेती, पूर्वी एसटीत मेकॅनिक, राहणार पिंपरी पेंढार, ता. जुन्नर, जि. पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे मात्र संपले, म्हणून आता लिहून टाकतो.

१. विहिरीखालची जमीन आणि राहते घर मुलगा सुनील याला. मुलगी प्रतिभा हिला तिच्या आईचे दागिने आणि पोस्टातील ठेव. दोघांनी कमी-जास्त काढू नये. भांडण मिटवायला मी नसेन.

२. पान्ह्यांची पेटी गॅरेजवाल्या सावळारामला. सुनील त्या पान्ह्यांनी नारळ फोडतो.

३. घराची मागली खोली सुनीलच्या नावे राहील, पण ती विकू नये, पाडू नये. तिथे राहणारी स्नेहल आणि तिचा नवरा यांना हवे तोवर राहू द्यावे. कारण लिहितो, सुनीलला ते अर्धेच माहीत आहे.

माझे वडील रखमाजी दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. आफ्रिकेत पकडले गेले, इटलीत कैदेत पडले. इटलीने हत्यार टाकले आणि जर्मनांनी तो देश ताब्यात घेतला, त्या गोंधळात ते डोंगरात पळाले. दोमेनिको नावाच्या मेंढपाळाने त्यांना गोठ्याच्या माळ्यावर लपवले. तिथे आधीच एस्तेर नावाची ज्यू बाई आणि तिची लहान मुलगी होती. जर्मन ज्यूंना धरून मारायला नेत होते. लपवणाऱ्यालाही गोळी घालत.

दोमेनिकोची बायको असुंता या पाहुण्यांना कंटाळली होती. "लई तोंड करायची," वडील सांगायचे. "खायला द्यायची अन् वर बोलायची बी." पुढे कोणीतरी चुगली केली. जर्मनांनी दोमेनिकोला नेले. परत आला तेव्हा त्याचे पुढचे दात नव्हते, पण तो काही बोलला नव्हता. असुंता तडक माळ्यावर चढली. म्हणाली, "निघा. आत्ताच." एस्तेर मुलीला कपडे घालू लागली. बाहेर बर्फ होता. असुंता मुलीच्या फाटक्या बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या जा."

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. इंग्रजांची फौज येईपर्यंत ती रोज उद्या जा म्हणत राहिली. मायलेकी जगल्या, वडीलही.

"ती काय देवमानूस न्हवती," वडील म्हणायचे. "दमली व्हती. तरी ठिवलं."

गावी आल्यावर त्यांनी मागली खोली बांधली. कोणासाठी, ते सांगितले नाही.

४. माझा भाऊ बाळासाहेब याला काही नाही. स्नेहल आमच्या नात्यातली नाही. तिने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केले. तिचे भाऊ दोघांना मारायला शोधत होते, म्हणून ती दोघे आमच्याकडे लपायला आली. बाळासाहेबाने ही खबर त्या भावांना दिली. जीप आली तेव्हा माझी बायको चिमाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. "हितं कोन न्हाई," ती म्हणाली. "घर बघायचं तर मला उचलून बाजूला ठिवा." त्यांनी तिला ढकलून दिले. शेजारी धावून आले, म्हणून ते परत गेले. चिमाबाईचा खुबा मोडला. ती पुन्हा चालली नाही. तिचे अंथरुणातले सगळे शेवटपर्यंत स्नेहलने केले. बाळासाहेब मयतीला आला, त्याला मी हाकलले नाही. द्यायला मात्र माझ्याकडे काही नाही.

५. खरे लिहितो, मीही त्या दोघांना कंटाळलो आहे. अंगणात गाडी थांबली की अजून आधी दाराला कडी लावतो. सुनीलचेही तसेच होईल. त्याने चिडावे, बोलावे. बाहेर काढू नये.

६. दहाव्याला जेवणावळ घालू नये. तेराव्याला घरच्यांनी पिठलंभात खावा.

हे मृत्युपत्र सुनीलला वाचून दाखवले. तो म्हणाला, "आण्णा, कवर ठिवायचं त्यांना?" मी म्हणालो, "मला न्हाई ठावं." त्याचे जे म्हणणे असेल ते त्याने खाली स्वतःच्या हाताने लिहावे, असे सांगितले.

लिहून देणार: गोरख रखमाजी वेठेकर (सही)

साक्षीदार, आमच्या समोर सही झाली:
१. दादाभाऊ कुटे, शेजारी (सही)
२. इंद्रायणी पोटे, निवृत्त शिक्षिका (सही)

ठिकाण: पिंपरी पेंढार
तारीख: १७ नोव्हेंबर २०२५

वाचले. मला पटलेले नाही. खोली ठेवीन.
सुनील गोरख वेठेकर