चिंचोका उचलण्याचा नियम

बाबा, राज्य कसं चालवायचं याचे तुमचे घरचे नियम अजून माझ्या तोंडपाठ आहेत. मूळ पुस्तक इंग्रजी होतं. तुमच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरनं जाताना ते तुम्हाला दिलं होतं, वीस बाजूंच्या एका फाशासकट. त्यात तलवारी होत्या, जादूगार होते, ड्रॅगन होते. प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं आणि गोष्ट खेळत पुढे न्यायची. शेवटी कुठेतरी राज्यकारभारावर लहानसं प्रकरण होतं, ते वाचून तुम्ही वैतागलात. त्यात प्रजा म्हणजे नुसता आकडा. दुष्काळ पडला की फासा टाकायचा, आकडा कमी करायचा आणि पुढच्या ऋतूला लागायचं. ही काय पद्धत झाली, म्हणालात, आणि स्वतः नियम करायला बसलात. राजाचा हुकूम डोंगरात पोचायला एक ऋतू लागेल. पुराच्या साली कर नाही. ड्रॅगन पाळायचा तर त्याला बकऱ्या लागतील, आणि त्या कुणाच्या गोठ्यातून आणल्या ते सांगावं लागेल. जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर नकाशा काढलात, त्यावरचा एकेक चिंचोका म्हणजे एकेक माणूस. सगळ्यात जाचक नियम शेवटचा होता. माणूस मेला, तर त्याचं नाव आणि तो काय करायचा हे सांगितल्याशिवाय चिंचोका उचलायचा नाही.

सिल्वासात कारखान्यांची वीज आठवड्यातून ज्या वारी बंद असायची, तो आपला खेळाचा वार. दुपारी जेवणं झाली की नकाशा पसरायचा. नदीकाठचं राज्य माझं. डोंगरातलं राज्य तुमच्या खात्यातल्या फोरमनकाकांचं. ते धुळ्याकडचे, जवळच्या नरोली गावात खोली घेऊन राहायचे आणि सायकलवरून यायचे. आईनं राज्य करायला साफ नकार दिला होता. "मला फक्त खायचं काम द्या," म्हणाली, म्हणून ती ड्रॅगन. मेथी निवडता निवडता ती शांतपणे आमच्या बकऱ्या मागायची. काकांकडे दुष्काळ आला की ते डोक्याला हात लावून बसायचे, कारण प्रत्येक मेलेल्याचं नाव बनवायचं म्हणजे त्यांना परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. एकदा म्हणाले, "साहेब, तुमच्या राज्यात मरणं बी लई महाग करून ठेवलंय." तुम्ही हसलात, पण नियम सोडला नाहीत. मला नावांची अडचण कधीच पडायची नाही. लंगडा कुंभार, दूध विकणारी विधवा, पोहता न येणारा नावाडी, मी नावासकट भराभर सांगत जायचे आणि चिंचोके उचलत जायचे. तुम्हाला त्याचं कौतुक होतं. ही पुढे लिहिणार, असं आईला म्हणाला होतात.

मग तुमच्या कारखान्यात पॅकिंगच्या खोलीला आग लागली. मी शाळेच्या गच्चीवरून धूर पाहिला होता, पण तिकडे धूर रोजच असायचा. तिघं गेले. दोघं कायमचे कामगार, ज्यांच्या बायकामुलांना तुम्ही ओळखत होता. तिसरा ठेकेदाराचा माणूस, थोड्या दिवसांपूर्वीच लागलेला. ठेकेदार त्याच दिवशी गायब झाला. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक, शेठ, मुंबईहून आले, आपल्या घरी बसले, आईच्या हातचा चहा प्यायले. मी आतल्या खोलीत होते. चौकशीला अधिकारी येतील तेव्हा तिसरा बाहेरचा होता, चोरीच्या इराद्यानं मागून शिरला होता, एवढंच तुम्ही सांगायचं, असं ते अगदी हळू, समजावणीच्या सुरात सांगत होते. "जे आपणो नहोतो, एनी गणतरी शेनी?" जो आपला नव्हताच, त्याला मोजायचं कशाला. तुम्ही म्हणालात की त्या सकाळी तो तुम्हाला दारात दिसला होता, त्यानं नमस्कारही केला होता. शेठनी विचारलं, नाव काय त्याचं? ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला, तो शेठचा होता.

त्यानंतर आपला खेळाचा वार आला. दुपारी तुम्ही स्कूटर काढलीत, मी सवयीनं मागे बसले, आणि तुम्ही उतर म्हणाला नाहीत. नरोलीत काकांच्या खोलीच्या शेजारी एक लांबट खोली आहे. पत्र्याखाली खाटा लावल्यात, आणि एकाची पाळी सुरू झाली की दुसरा त्याच खाटेवर झोपतो. काका आपल्याला एका माणसाकडे नेतात. आगीत मेलेल्या त्या तिसऱ्याची आणि याची खाट एकच. तुम्ही उकिडवे बसून विचारताय, मी दारात उभी आहे. तो झोपेतून उठलेला, खाली बघत सांगतो, "मी यायचो तवा तो गेलेला असायचा साहेब. अंथरूण गरम असायचं, बस." कुठला होता? नवापूरच्या गाडीतनं उतरला होता, म्हणून सगळे त्याला नवापूर म्हणायचे. घरी कोण? कुणाला ठाऊक नाही. तिशीतला असेल. पाण्याचा नंबर आला की आधी दुसऱ्याचा हंडा भरू द्यायचा, एवढं एकानं आठवून सांगितलं. तुम्ही प्रत्येक खाटेपाशी थांबलात. काका पुढच्या सुट्टीला नवापूरला जाऊन आले, स्टँडवर, बाजारात विचारत फिरले. तेही तसेच परतले. परतल्यावर तुमच्याकडे न बघता म्हणाले, "नाव न्हाई मिळालं, साहेब."

चौकशीच्या दिवशी तुम्ही सांगितलंत की तिघंही कामावर होते. हे आम्हाला काकांकडून कळलं; तुम्ही घरी येऊन नुसते हातपाय धुतलेत. अधिकाऱ्यानं तिसऱ्याचं नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, माहीत नाही. तो म्हणाला, तुमच्या हाताखाली काम करत होता आणि तुम्हाला नाव माहीत नाही? तुम्ही पुन्हा म्हणालात, नाही. काकांनी साक्ष दिली, त्यांनाही तोच प्रश्न. शेवटी अहवालात अनोळखी इसम, विनापरवाना प्रवेश असं लिहिलं गेलं. तुमच्या बोलण्यानं काहीही बदललं नाही, फक्त तुमची नोकरी गेली. उन्हाळा यायच्या आत आपण नाशिकला आलो. टेम्पोत सामान चढवायला काका आले होते. निघताना त्यांनी चिंचोक्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझा डोंगर सांभाळ, बेबी." त्यांना आपण पुन्हा भेटलो नाही.

नाशिकला तुम्ही एकदाच नकाशा पसरलात, तोही मीच मागे लागले म्हणून. माझ्या नदीला पूर आला. मी नेहमीसारखी सुरुवात केली, एक न्हावी, त्याचं नाव, आणि तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "थांब. आता नावं बनवायची नाहीत." मी विचारलं, मग चिंचोके उचलायचे कसे? तुम्ही म्हणालात, "मग नाही उचलायचे." आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, ड्रॅगनची पाळी आली का? ज्या राज्यात कुणाला मरता येत नाही, ते खेळता येत नाही. तुम्ही नकाशाची घडी घातलीत. तुम्हाला दुसरी नोकरी मिळाली, ती तुम्ही नीट केलीत, पण तिथे रोज सकाळी दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचात. लोक तुम्हाला थोडं हसत. माझं कॉलेज संपायच्या आधी तुम्ही गेलात. तुमच्या तिरडीला खांदा द्यायला नाशिकच्या त्या कारखान्यातले कितीतरी आले होते, आणि प्रत्येकानं आईला आधी आपलं नाव सांगितलं.

मी वर्तमानपत्रात लागले. अपघाताच्या बातम्या किती लिहिल्या, आठवत नाही. पान छपाईला सोडायची वेळ झालेली असते, बातमीदार फोनवर असतो, आणि शेवटी एक वाक्य मी हात न थांबवता लिहिते: एकाचे नाव समजू शकले नाही. ते लिहिताना मला दर वेळी ती खाट दिसते. एकदा कामानिमित्त सिल्वासाला जायचं निघालं, तेव्हा मी नरोलीला जाऊन आले. ती पत्र्याची खोली होती तिथे आता दुसराच कारखाना आहे. दारातल्या रखवालदारानं मला विचारलं, कुणाला भेटायचंय?

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहितेय. तुम्ही असता तर सांगायचं धाडस झालं नसतं. बाबा, मी त्या तिसऱ्याला एक नाव ठेवलंय. नाशिकच्या त्या दुपारी, तुमच्या हाताखाली माझा हात असतानाच ते मला सुचलं होतं. साधं आहे, नवापूरकडे पुष्कळांचं असतं. बातमीत ते कधी लिहिलं नाही, आईला सांगितलं नाही, आणि त्याच्या नावाचा चिंचोकाही अजून उचललेला नाही. इथेही लिहीत नाही. तुम्ही विचारलं असतंत, हे त्याचं खरं नाव आहे का.