आठ एमएमची काच

४ नोव्हेंबर, मंगळवार

कॅम्पातल्या आमच्या गल्लीच्या लोकांनो, काल तुमच्या भिंती हलल्या, फळीवरची भांडी खाली आली, देशमाने काकांनी छातीवर उशी दाबून दोन तास काढले, आणि तुम्ही सगळे दारं लावून आत बसलात!

सभेची सुरुवात अशी करायची. 'बसलात' की 'बसलो'? बसलात. मी बसले नव्हते.

काल आमच्या वॉर्डाच्या भाऊंचा वाढदिवस. नाव लिहून वही बाटवत नाही. भर संध्याकाळी तलवारीनं केक कापला, मग डॉल्बीची गाडी नेमकी माझ्या पुढच्या खिडकीखाली. वरच्या तावदानाची काच आधी किणकिणली, मग आडवी तडकली. काच धरून ठेवणारी लांबी खपल्या होऊन फरशीवर. जिना उतरले, जनरेटरची वायर दोन्ही हातांनी उपटली. एवढ्या शांततेत कुणीतरी मला आईवरून शिवी दिली. निदान ऐकू तरी आली.

दहा मिनिटांत दगड. खालच्या तावदानाची काच गेली. एक तुकडा माझ्या कपाळात. चार टाके.

चौकीतले साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्या. गल्लीच्या सह्या आणा, मग बघू." आज वीस घरं फिरले. सह्या झाल्या एक. माझीच.

५ नोव्हेंबर, बुधवार

सूर्याचा इस्लामपुराहून फोन. धाकटा भाऊ, पण फौजेतून हवालदार होऊन आल्यापासून हुकूमच देतो. "आक्का, ती आगगाडीची खिडकी काढून टाक. अॅल्युमिनियम बसव, भाईरनं लोखंडी जाळी मार. विषय संपला."

आगगाडीची खिडकी हे आमचं घरातलं नाव. दोन तावदानं, एक वर, एक खाली, उभी सरकणारी. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या, दोऱ्या कप्पीवरून चौकटीच्या पोकळीत, तिथे टोकाला लोखंडी वजनं. त्यामुळे तावदान जिथं सोडाल तिथं थांबतं. ही मी आयुष्यात वापरलेली सर्वात समंजस वस्तू. माझ्यात नसलेलं सगळं तिच्यात आहे.

बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी हे घर घेतलं, तेव्हा आमचं आडनाव कळल्यावर गल्लीनं आठवडाभर आपल्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. बाबांनी आमच्या सगळ्या उघडल्या. म्हणाले, लपायला घर घेतलेलं नाही.

सूर्याला तेच सांगितलं. म्हणाला, "तवा दगुड येत नव्हतं."

येत होते. तो पाळण्यात होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

खिडकीच्या दुरुस्तीला बोलावलेले आनंदा मिस्त्री कडेगावहून पहिल्या एसटीनं आले. साठी उलटलेली, डोक्याला मफलर, पिशवीत पटाशा धोतराच्या फडक्यात बाळंतिणीसारख्या गुंडाळलेल्या. खिडकीपुढे मांडी घालून बसले आणि नखानं रंगाचा पोपडा उकरला.

मग: "ह्याला दर दिवाळीला रंग कोण मारत हुतं?"

"बाबा. मग मी."

"आदीचा खरवडून?"

"नाही. वरूनच."

"व्हय की. म्हंजी खिडकी न्हाई, जिलबी केलीया तुमी. पाकावर पाक."

अकरा थर निघाले. हिरवा, निळा, पुन्हा हिरवा. चौकटीची खालची फळी काढली तर आत दोऱ्या कुजून भुसा झालेल्या, एक वजन तळाला पडलेलं. मिस्त्री त्या वजनांना ओळंबे म्हणतात. तावदान जुन्या काचेसकट तोलून किती होतं ते त्यांनी हिशेबानं काढलं: साडेनऊ किलो. दोन ओळंबे मिळून तेवढेच. "तराजू हाय बाई ह्यो. हिकडं वाढलं की तिकडं वाढवायचं."

मी म्हटलं, आठ एमएमची काच घाला. पुढचा दगड परत फिरला पाहिजे.

त्यांनी माझ्या टाक्यांकडे बघितलं. "तावदान सतरा किलोला जाईल. नवं ओळंबं ओतून आणाय लागतील. सांगलीला फौंड्रीत वळखीचा हाय, पर पंधरा दिस लागतील."

"रविवारी, सोळाला, माझ्या हॉलमध्ये सभा आहे. खिडकी जागेवर पाहिजे."

"तीनची काच घालू. दोन दिसात देतो."

"आठची."

"तुमी भाषणात बी अशाच का?"

"याहून वाईट."

११ नोव्हेंबर, मंगळवार

मिस्त्री माझ्याच घरी मुक्कामाला. काचेची खाच खोल करताहेत. मला खरवडायला लावलं. जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून लांबी करायची, कणकेसारखी. हातांना वास बसला आहे. बरा वाटतो.

दुपारी बंड्या आला. भाऊंचा माणूस, डॉल्बीची गाडी त्याचीच. बुलेट बंद न करता खिडकीखाली उभा. "मॅडम, काच बदलताय व्हय? मोटी बसवा. नेम धरायला बरं पडतंय."

मी जिना कधी उतरले आठवत नाही. हातात मिस्त्रींची पटाशी होती आणि ती त्याच्या गळ्यापासून वीतभरावर होती. त्याचा गळा धडधडताना दिसत होता. मागून मिस्त्रींचा आवाज, अगदी हळू, "बाई, तिला कालच धार लावलीया. आणा हिकडं." त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

बंड्या गेला. जाताना हसला नाही.

चाळीस वर्षं व्यासपीठावरून सांगत आले, हिंसा हा भित्र्यांचा युक्तिवाद आहे. आज मी भीत नव्हते. मला तो गळा हवा होता. हे कुठल्या पुस्तकात बसवू?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खालचं तावदान बसलं. काय दिसतं! पण जुन्या ओळंब्यांवर ते टिकत नाही, वर नेलं की सरसर खाली येतं. मिस्त्रींनी खालच्या तावदानाला सागाचा टेकू दिला, हातभर उंच. "सांगलीचं ओळंबं येईस्तवर ह्यो टेकू म्हंजी द्येव. हलवायचा न्हाई. वचन द्या."

दिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

उजव्या हाताला रक्त वाळलंय, ते धुवायच्या आधी लिहिते.

सभेला तेवीस माणसं. सकाळी अकराला सुरू केली. 'बसलात' म्हणाले. माना खाली गेल्या. देशमाने काका रडायला लागले. मला वाटलं, आता सह्या होणार. आणि तेवढ्यात खालून डॉल्बी. बंड्यानं गाडी आणून उभी केली होती, गाणंबिणं नाही, नुसता धप्, धप्, धप्. माझं वाक्य तोंडातच फुटलं. लोक उठायला लागले.

मी खिडकीकडे गेले. मला ओरडायचं होतं, आणि हातभर फटीतून ओरडायचं नव्हतं. तावदान दोन्ही हातांनी वर ढकललं, टेकू निसटला तो पायानं उडवला, वाकून अर्धी बाहेर गेले. काय ओरडले माहीत नाही. मिस्त्री मागून येऊन तावदानाला हात लावून उभे राहिले, दोन हात कधी चार झाले तेही माहीत नाही. मी ओरडताना मुठी आवळल्या. म्हणजे तावदान सोडलं.

मिस्त्रींनी मला कंबरेला धरून मागे ओढलं आणि दुसरा हात पडत्या तावदानाखाली घातला.

आवाज डॉल्बीत बुडाला. म्हणून कुणालाच आधी कळलं नाही. मिस्त्री ओरडलेही नाहीत, नुसतं "आगं आयं" म्हणाले, लहान मुलासारखं. डावा हात. अनामिका आणि करंगळी. तावदान तिरकं अडकून बसलं होतं, उचलायला तिघं लागले. करंगळीचं अर्धं पेर चौकटीतच राहिलं, माझ्या नव्या लांबीत.

खाली धप्, धप् चालूच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

करंगळी अर्धी गेली. अनामिकेत तार घातलीय, वाकेल का सांगता येत नाही म्हणतात. मिस्त्रींची बायको सरूबाई दवाखान्यात आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रंधा दोन हातानं धरत्यात."

सूर्या आला. दवाखान्याच्या वॉर्डात शिरताच त्याची मिस्त्रींशी गट्टी. मिस्त्री म्हणतात, "आठ हायती की अजून. पटाशीला तीनच लागत्यात. पाच फालतू हुती." हसले. मला हसता आलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गल्लीत एकच बोलणं: बंड्याच्या माणसांनी दगड मारला, तावदान मिस्त्रीच्या हातावर पडलं. हे कुणी सुरू केलं ठाऊक नाही. खिडकीपाशी मी आणि मिस्त्रीच होतो, बाकीचे दाराकडे पळत होते. त्यांना तसंच वाटलं असेल. किंवा वाटायला सोयीचं.

संध्याकाळी देशमाने काका घरी. हातात अर्ज, टाइप केलेला. दगडफेक, गंभीर दुखापत, आरोपीचं नाव. खाली सह्या. सतरा! ज्या घरांनी मला दारातून परत पाठवलं त्यांच्यासुद्धा.

"प्रत्यक्ष पाहिलं म्हणून सर्वांत वर तुमची सही, बाई. आता हा बंड्या आत जातो बघा. डॉल्बीचं नावच निघायचं नाही परत."

मी म्हणायला हवं होतं, काका, हे खोटं आहे. मी म्हटलं, "ठेवून जा."

ठेवून जा!

२० नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यात अर्ज मिस्त्रींना वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकला.

"ब्येस लिवलंय. करा सही."

"मिस्त्री, टेकू मी उडवला."

"मला ठावं न्हाई व्हय? तिथं माझंच हात हुतं. बाई, तुमच्याकडं खरं लय हाय. पोती भरून हाय. त्यातलं पसाभर सांडलं तर काय बिघडतंय? गल्ली तर निजंल."

सरूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तेच सगळ्यात जड गेलं.

जिन्यात सूर्या: "आक्का, ही चौकी आपल्या हातात आली. लढाईत हातात आलेली चौकी कुनी परत देतं का?"

बंड्यानं पहिला दगड मारला, हे खरं. डॉल्बी लावला, खरं. त्याला आत टाकावं असं मला अजून वाटतं, रोज वाटतं. पण या एका गोष्टीत त्याचा हात नव्हता. माझा होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काका आणि पाच-सहा जण अर्ज न्यायला आले. सांगितलं. सगळं, टेकूपासून. उभ्यानं, हॉलमध्येच.

कोपऱ्यावरचे मोरे: "म्हणजे आम्ही खोट्यावर सह्या केल्या?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं."

"मग परवाच का नाही बोललात?"



मोऱ्यांनी खिशातलं पेन काढलं आणि आपल्या नावावर रेघ मारली. अशी की कागद फाटला. मग पुढच्यानं. मग काकांनीही. तिसऱ्या रेघेनंतर मी अर्ज ओढून घेतला आणि उभा-आडवा फाडला. पुन्हा दुसरा लिहू, खरा लिहू, मी म्हणत होते. ऐकायला माणसं दारातून बाहेर पडलेली.

सूर्या तेवढा राहिला. म्हणाला, "बाबांनी जलमभर खरं बोलून काय मिळवलं? चार खिडक्या."

मी त्याच्या तोंडात मारली. पंचावन्न वर्षांचा माणूस. गालावर पाचही बोटं उठली. माझी पाच, शाबूत.

बॅग उचलून इस्लामपूरला गेला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी हातोडा घेतला आणि ती काच फोडली. दगडासाठी आणलेली. पहिल्या घावाला नुसती बधिर वाजली. दुसऱ्याला कोळ्याचं जाळं. तिसऱ्याला गेली. लांबीतले तुकडे पटाशीनं काढत बसले, लाकडाला ओरखडा न आणता. ते मिस्त्रींनी शिकवलं होतं.

फोनवर त्यांना सांगितलं. "तावदान मोडलं न्हाई न्हवं?" नाही म्हटलं. "मग हुईल."

चौकटीत आता प्लायवुडचा तुकडा. हॉल काळोखा. बंड्या बुलेटवरून दोनदा गेला. वर बघितलं. दुपारी चौकीत लिहून दिलं, बोटं माझ्या हातून गेली. त्याला कळलंय, मी त्याला सोडलं. किंवा त्याला वाटतंय, मी घाबरले. दोन्ही मला सारखंच झोंबतं.

पुढच्या रविवारी भाऊंच्या पुतण्याचं लग्न. वरात आमच्याच गल्लीतून.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज भाषण नाही. हाताने वीस कागद लिहिले, वीस दारांखालून सरकवले. पाच दारांत माणूस पलीकडे उभा होता, पावलं दिसत होती. कुणी उघडलं नाही. मजकूर इथे उतरवून ठेवते:

मिस्त्री आनंदा यांची बोटं माझ्या हातून गेली. बंड्याच्या दगडानं नव्हे. हे चौकीत मी कालच लिहून दिलं आहे. त्यासाठी मला जे बोलायचं ते बोला, तोंडावर बोला, मी ऐकेन.

पण ३ तारखेचा दगड खरा आहे. काकांच्या छातीतली धडधड खरी आहे. मोऱ्यांच्या नातीनं त्या दिवशी कानात बोटं घालून केलेली उलटी खरी आहे. यात माझं एक अक्षर घालायची गरज नाही. मी सोळाला 'बसलात' म्हणत तुम्हाला भेकड ठरवलं. तेव्हा माझ्या हातात वचन होतं आणि मी ते पायानं उडवलं. तुमच्यावर ओरडायचा हक्क त्या दिवशी संपला.

आता ओरडत नाही, मागते. माझ्यासाठी नको, माझ्या नावाखाली नको. रविवारी वरात येण्याआधी, उद्या सोमवारी सकाळी दहा वाजता चौकीत या, आणि तुमच्या घरात डॉल्बीनं जे घडलं तेवढंच, तुमच्या शब्दांत, तुमच्या हातानं लिहून खाली सही करा.