ओरखडाही न उठवता

सोमवार, ३ जून
झालं! दिवसभर दुकानात किल्ल्या घासून, वर जीव तोडून व्हिडिओ केला — किल्ली आत राहिली आणि दार लागलं, तर कुलूप न फोडता कसं उघडायचं. पाहिला अकरा वेळा. त्यातल्या चार वेळा आईने! का, तर अल्गोरिदम म्हणतो, 'चोरीला उत्तेजन'. म्हणून कुणाला दाखवायचाच नाही. तिकडे तो हातोडेवाला धडाधड कुलपं फोडतो, त्याला लाखो लोक. मी ओरखडाही उठू देत नाही, तर मी धोकादायक! डोकं फिरलंय नुसतं.

मंगळवार, ४ जून
ताईकडे गेले. घरात वकील असल्याचा कधी नव्हे तो उपयोग. "नवा कायदा आहे," म्हणाली. "व्हिडिओ दाबून ठेवला तर कंपनीला कारण पटवून द्यावं लागतं, तेही माणसासमोर. यंत्राचा शब्द शेवटचा नाही." आणि वर — "सुनावणीत तू तोंड उघडायचं नाहीस!" बघू.

शुक्रवार, ७ जून
अर्ज गेला. आईने आणखी दोनदा पाहिला.

बुधवार, १९ जून
सुनावणी. कंपनीचे वकील म्हणाले, हे पाहून कुणीही कुलूप उघडेल. मला आतून गुदगुल्या — कुणीही!

मग ताई उठली. "मॅडम, माझी अशील इतकं वाईट शिकवते की हे पाहून स्वतःच्या घराचंही कुलूप उघडणार नाही. मी पाचदा करून पाहिलं. अर्धा वेळ हिचा अंगठाच दिसतो!"

सख्खी बहीण! मी उठणार, तोच तिने टेबलाखाली माझा पाय दाबला. अधिकारी मॅडम हसू आवरत होत्या. बाबांनी एवढं हाताला धरून शिकवलं ते हे ऐकायला? रडूच आलं. माझ्याकडून कुणीतरी काही शिकावं, एवढंच तर हवंय मला.

गुरुवार, २० जून
जिंकलो. 'चोरीला उत्तेजन मिळेल असं काही आढळलं नाही. व्हिडिओ इतरांसारखेच दाखवावेत.' ताईशी अबोला.

मंगळवार, २५ जून
चार हजार लोक! त्यात आई धरलेली नाही. अबोला सोडला.

शुक्रवार, २८ जून
सकाळी दुकान उघडंच. गल्ला साफ, पंखाही नेला. पण कुलूप? एक ओरखडा नाही! अगदी मी सांगितलं तसं, पायरी न् पायरी. शिकलं कुणीतरी! — आणि ताईला हे सांगू कोणत्या तोंडाने?