नऊ पताका आणि दहावी

बाई, तुमच्या पताका आमच्या टिटवाळ्याच्या घरात भिंतीवर लागल्या. सोफ्याच्या वर, जिथे ऊन पोचत नाही तिथे. तुम्ही गेल्यावर तुमच्या भाचीने डोंबिवलीचं घर आवरताना त्या एका उशीच्या अभ्र्यात घालून माझ्याकडे आणून दिल्या. म्हणाली, "ताई, तुम्ही मावशीच्या खो-खोच्या कॅप्टन होतात ना, तुम्हीच ठेवा. माझ्याकडे कपाटात कुजतील." नऊ होत्या. कुठली मखमलीची, कुठली फेल्टची, एक तर साध्या मांजरपाटावर रंगाने नाव लिहिलेली. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांनी आपापल्या शाळेची पताका एकमेकींना द्यायची, ही पद्धत आपल्या शाळेत तुम्हीच आणलीत. त्यामुळे त्या अभ्र्यात सगळ्या दुसऱ्यांच्या शाळा होत्या आणि आपली एकही नव्हती. भाची म्हणाली, "मावशीने एवढ्या शिवल्या, तिच्या हातची एक तरी हवी होती." मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

कल्याणच्या फ्रेमवाल्याकडे गेले तर तो पताका पुठ्ठ्यावर सरळ चिकटवायला निघाला. "मॅडम, गोंद लावला की टेन्शनच नाही, हलणारच नाही." वर नऊ फ्रेमांचा असा भाव सांगितला की मी पिशवी उचलून बाहेर. मग घरीच मांडामांड केली. लग्नाकार्यात आलेल्या, माळ्यावर पडलेल्या फ्रेमा काढल्या आणि त्यांतले हंस, सूर्यास्त बाहेर काढले. पुठ्ठ्यावर जुन्या चादरीचा धुतलेला तुकडा ताणून बसवला आणि त्यावर पताका टाचली, तीही फक्त शिवणीतून, म्हणजे कापडाला नवी भोकं पडत नाहीत. कडेने पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवल्या, काच कापडाला टेकू नये म्हणून. टेकली की पावसाळ्यात बुरशी धरते. शिवाय त्रिकोणी पताका चौकोनी फ्रेममध्ये एकटी ठेवली की निम्मी जागा वाया जाते, म्हणून एक सुलटी आणि तिच्या शेजारी एक उलटी, अशा दोन-दोन बसवल्या. नवरा स्टुलावर चढून खिळे ठोकत होता आणि मला ऐकवत होता, "अगं, एवढी मेहनत आपल्या लग्नाच्या फोटोला नाही घेतलीस!" खरंच नव्हती घेतली. चार फ्रेमांत आठ पताका बसल्या. पाचव्या फ्रेममध्ये नववी एकटीच उरली, कल्याणच्या एका शाळेची, निळी. तिच्या शेजारची जागा मोकळी.

त्या जागेची पताका माझ्याकडे आहे, बाई. गेली तीस-एक वर्षं आहे.

तुम्हाला आठवत असेल, कल्याणच्या त्या शाळेशी सामना होता, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला घरी बोलावलं होतंत. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी शिलाई मशीन. कुकरच्या शिट्ट्या होतायत, तुम्ही गॅदरिंगच्या उरलेल्या मरून सॅटिनवर पिवळी अक्षरं शिवताय आणि मी सुईत दोरा ओवून देतेय. माझ्या घरी मुलीने मैदानावर धावणं कुणाला पसंत नव्हतं. तुम्ही दोनदा येऊन वडिलांना पटवलंत, म्हणून तर मी तिथे बसले होते. ती पताका तयार होताना पाहिली आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची हे मला सहनच झालं नाही. मैदानावर त्या कर्णधार मुलीला म्हटलं, आमची घरी राहिली. तिची निळी घेतली. तुम्हाला सांगितलं, रिक्षातून पडली. आमची दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात होती.

तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "दुसऱ्याकडून घेताना हात पुढे आणि द्यायच्या वेळी रिकामा? कर्णधाराला हे शोभत नाही." मला वाटलं, संपलं. पण रविवारी सकाळी तुम्ही दुसरी पताका शिवून दारात हजर. मला एसटीने कल्याणला नेलंत, त्या मुलीचं घर शोधून काढलंत आणि माझ्या हाताने तिला द्यायला लावलीत. येताना कोकम सरबत पाजलंत. रिक्षा कुठली, कुठे पडली, एका शब्दाने विचारलं नाहीत. मी मान खाली घालून सरबत प्यायले, आणि त्या दिवसापासून तुमच्यासाठी जीव तोडून धावले. पुढे नोकरीत, संसारात जे काही धड केलं, त्यात तुमचा फार मोठा हात आहे. हे तुम्ही होतात तेव्हा कधी म्हटलं नाही, त्याची लाज वाटते.

तर मी ती मरून पताका कपाटातून काढली आणि निळीच्या शेजारी टाचली. काल तुमची भाची भिंत बघायला आली. थेट तिथेच थांबली.

"ही मावशीच्या हातची! तुमच्याकडे कशी?"

"बाईंनी दिली होती मला." तोंडातून किती सहज गेलं म्हणून सांगू.

ती काचेवर बोट ठेवून उभी राहिली. डोळे भरले होते तिचे. "मग बरोबर. मला वाटलेलंच, कुणाला तरी देऊन गेली असणार. राहू दे तुमच्याकडेच."

ती गेल्यापासून दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. खोटं उघडं पडेल याची भीती या वयात उरलेली नाही. खरं कळल्यावर ती मागेल, आणि तिचाच हक्क असल्यामुळे मला द्यावी लागेल, याची आहे. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून त्यात तरी लिहिते. बाई, मला ती पताका हवी होती आणि मागायचं कसं ते ठाऊक नव्हतं. मागितली असती तर तुम्ही माझ्यासाठी एक शिवली असतीत, हे त्या रविवारी एसटीत तुमच्या शेजारी बसल्यावर कळलं.