फिकट मासे

३ डिसेंबर २०२४, मंगळवार
आष्ट्याच्या शिबिरात शाळेच्या गाड्यांवरच्या बारा चालकांचे डोळे तपासले गेले. अकरा पास, एक नापास. शिबिर घेणाऱ्या नेत्रतज्ज्ञ डॉ. शिवांजलींनी फोनवर दुजोरा दिला. नेहमीचा अक्षरांचा तक्ता नाही, टॅबलेटवरचा खेळ! करड्या पाण्यात पट्ट्यापट्ट्यांचा मासा उमटतो, दिसला की बोट लावायचं. मासे फिकट होत जातात. धुक्यात उभी असलेली ट्रॉली दिसेल का, हे तक्त्यावरून कळत नाही, यावरून कळतं — इति डॉक्टर. सहाच्या आत बातमी दिली. 'नापास चालक माजी सैनिक आहे,' एवढंच लिहिलं. नाव टाकलं नाही.

४ डिसेंबर
नाव नव्हतं, पण बारा जणांत माजी सैनिक एकच. आकाराम. दहाच्या सुमारास पालक शाळेत जमले. दुपारी शाळेने आकारामांकडून गाडीची किल्ली काढून घेतली.

६ डिसेंबर
आकारामांकडे गेलो. दारातच त्यांच्या पत्नी मंगलताई — "या! आमच्या मालकांचं डोळं पेपरात घालवलं, आता चष्मा वाटायला आलाय व्हय?" चहा मात्र दिला.
गाडी आता त्यांच्या भाच्याकडे, विश्वजितकडे. तो बदली चालक होता. शिबिरात सगळ्यांत जास्त गुण त्याचेच! आकारामांना त्याच गाडीत दाराशी बसवलंय, पोरं चढवायला-उतरवायला.
"आवं, तक्त्याची खालची वळ वाचतोय मी," म्हणाले. मी मान हलवली. असं सगळेच म्हणतात.

९ डिसेंबर
काही नाही. कारखान्याच्या दोन बातम्या.

१० डिसेंबर
सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर दाट धुकं. उसाची ट्रॉली बंद पडून रस्त्यात उभी, मागे लाल कापडसुद्धा नाही. आकाराम दारातून ओरडले — "थांब रं!" विश्वजितने ब्रेक दाबला. चार हात अंतर राहिलं. गाडीत सतरा मुलं. एकीचं कपाळ बाकाला आपटलं, बाकी ठीक.
नापास माणसाला दिसली. पास झालेल्याला नाही.

११ डिसेंबर
पुन्हा त्यांच्या घरी. मामा-भाचे दोघेही होते. सरळ विचारलं, ट्रॉली दिसली, मग मासे कसे दिसले नाहीत?
"दिसत हुते की! पर अंधुक. पक्कं झाल्याबिगर बंदुकीचा घोडा दाबायचा न्हाई, पलटणीत सतरा वर्सं हेच शिकलो. पक्कं हुईस्तवर मासा गायब."
विश्वजित हसायला लागला. "लय साधं तुमी, मामा! मी तर दिसू दे न्हाई तर न्हाई, सगळ्या पडद्यावर बोटं मारत हुतो. एखादा गावतोच की..."
हसणं मध्येच थांबलं. मंगलताई आतून बाहेर आल्या.
रस्त्यावर येऊन डॉ. शिवांजलींना फोन लावला. चुकीच्या जागी बोट लावलं तर गुण कापले जातात का? त्या म्हणाल्या — "तपासून सांगते."
आठ दिवसांपूर्वी हा प्रश्न मी विचारला नव्हता. तीस वर्षं या धंद्यात आहे.

१२ डिसेंबर
डॉक्टरांचा फोन नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार
डॉ. शिवांजलींनी मान्य केलं — गुण कापायची सोय खेळात ठेवलीच नव्हती. आज ती घालून आकारामांना पुन्हा बसवलं, खात्री नसली तरी अंधुक दिसताच बोट लावा म्हणून सांगितलं. पास. किल्लीचं सोमवारी बघू, असं शाळा म्हणते.
बाकीच्या अकरा जणांचं काय? "आत्ता सांगता येत नाही. सोमवारी सगळे परत तपासू."
उद्या शनिवार, सकाळची शाळा. सातच्या आत या अकरा जणांच्या गाड्या रस्त्यावर असतील. हवामान खात्याने दाट धुकं सांगितलंय.