तुझ्या नातीचं नवं नाक

आई, तुझी नात आठवडाभर नाकावर पट्टी लावून माझ्या नंदनवनच्या घरात बसली होती. मिहानमधल्या ऑफिसला तिने सायनसचं ऑपरेशन म्हणून कळवलं. मला खरं सांगितलं ते आदल्या संध्याकाळी, चहाचे कप धुताधुता: "मम्मी, उद्या नाक नीट करून घेतेय." नीट म्हणजे काय, तुला कळलंच असेल. मधला तो उंचवटा, तुझा, माझा, उमरेडच्या तुझ्या माहेरच्या प्रत्येक माणसाचा, डॉक्टरांनी तासून टाकला. घरी आली तेव्हा डोळ्यांखाली निळंजांभळं झालेलं. चष्मा नाकावर टेकवायचा नाही, म्हणून तो चिकटपट्टीने कपाळाला लावून ती लॅपटॉप बघते आहे आणि मी तिला बघते आहे.

दिवाळीनंतर तिचं लग्न आहे. लग्न ठरलं आणि नाक बदललं, तूच सांग, कुणाला संशय येणार नाही? फोन आला की ती गच्चीवर जाते. होणाऱ्या विहीणबाई दर दुसऱ्या दिवशी काहीतरी घेऊन हजर. आधी कोथिंबिरीची सांबारवडी आणली, ती पोरीला चावताच येईना, मग मऊ खिचडी. खुर्ची ओढून तिच्या तोंडाजवळ बसतात आणि विचारतात, "सूज उतरून राहिली का बेटा?" मला वाटायचं, माल तपासायला आल्या आहेत.

अशा वेळी तू फार आठवतेस. कॉन्व्हेंटमध्ये मुली मला पोपट म्हणायच्या. एकदा मी रडत घरी आले, तर तू पाट्यावर वाटण वाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "काहून रडून राहिली वं? तुह्या आजीचं नाक हाय ते. वापस करायचं असन तं तिलेच नेऊन दे." मी रडतारडता हसले होते. पण आई, माझा तुझ्यावरही संशय आहे. हीच नात जन्मली तेव्हा रोज न्हाऊ घालताना तू तेलाच्या बोटांनी तिचं नाक दोन्ही बाजूंनी दाबून वर ओढायचीस. ती किंचाळायची. मी चिडले की म्हणायचीस, "आता वळते, मंग नाही वळत." तुलाही ते नाक आवडत नव्हतं का?

परवा विहीणबाई आल्या तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "स्पष्टच विचारते, तुम्ही हिला नाकावरून काही बोलला होतात का?"

त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला. "मी? अवो ताई, आम्हाले तर पोरगी पाहिल्याबरोबर पसंत होती. मले वाटलं तुम्हीच कराले लावलं! म्हणून तर येऊन राहिली मी, पोरीवर कोणाची जबरदस्ती तर नाही ना पाहाले."

तेवढ्यात आतून गेंगाणा आवाज आला, "मम्मी, ऑपरेशन नाकाचं झालंय, कानाचं नाही. कोणी काही नाही म्हटलं. मलाच नको होतं ते, कॉलेजपासून." विहीणबाई जोरात हसल्या. मी गॅस बारीक करायला वळले. गॅस बारीकच होता.

तेव्हापासून तुझ्याशी मनात बोलते आहे, आज कागदावर आलं. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, आणि पोचणार असतं तर मी लिहिलंही नसतं. त्यांनीच करायला लावलं असतं ना, तर मला सोपं गेलं असतं. मी भांडले असते, लग्न मोडलं असतं, तुझी बाजू घेतली असती. आता भांडू कुणाशी? तिला नको होतं, एवढंच, आणि त्यात कुणाचाच गुन्हा नाही.

आज सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. तिच्या चेहऱ्यात मी तुला बराच वेळ शोधत राहिले. छान दिसते गं ती, आई. तिला मात्र हे अजून सांगितलेलं नाही.