घर सापडू देऊ नका

श्टुटगार्ट,
४ मार्च १९७९

चि. आन्थूला हिस,
लाझारोसदादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि आईने पाठवलेली सुकी अंजिरं पोचली. अंजिरं कल्लिरोईने कपाटात वर ठेवली आणि मी ती दोन दिवसांत शोधून काढली.

आता मुद्द्याचं लिहितो. मी ठरवलंय. येत्या सप्टेंबरात आम्ही सगळे परत येतो. ओतकामाच्या कारखान्यात चौदा वर्षं धूर खाल्ला, पुरे झालं. थेस्सालोनिकीत माझा जुना मित्र सुतारकामाचा कारखाना काढतोय, तो मला घ्यायला तयार आहे. भूकंपात आईच्या घरावर 'राहू नये' अशी लाल खूण पडली तेव्हापासून ती तुझ्या एका खोलीत राहते, हे मला इथे स्वस्थ बसू देत नाही. पोरगा असून नसल्यासारखा, असं लोक म्हणत असतील.

तर आमच्यासाठी भाड्याचं घर बघ. झोपायच्या तीन खोल्या हव्यात : एक आमची, एक आईची, एक मुलांची. फोतिनी आता मोठी झाली, तेव्हा मुलांच्या खोलीत मध्ये पडदा लावता येईल इतकी जागा असू दे. तिसऱ्या मजल्याच्या वर नको. इमारतीला तपासनिसांची हिरवी खूणच हवी. पिवळी असेल आणि मालक डागडुजी झाली म्हणून शपथा घेत असेल, तरी जिन्यावरून मागे फिर. कल्लिरोईला उजेड लागतो. शाळा जवळ असावी.

आईला सांग, पोरगा येतोय. तुझी धावपळ होईल, पण तुझ्याइतकी चिकित्सक बाई आपल्या घराण्यात दुसरी नाही.

तुझा,
लाझारोस


थेस्सालोनिकी,
१८ मार्च १९७९

प्रिय लाझारोसदादास,
आन्थूलाचा स. न. वि. वि.

तू येतोस म्हटल्यावर आई आधी रडली, मग शेजारणींना सांगून आली, मग परत येऊन रडली. आता ती माझ्याबरोबर घरं बघायला येते. काठीने भिंती ठोकते आणि कान लावून ऐकते. एका मालकाने विचारलं की म्हातारी इंजिनिअर आहे का. आई म्हणाली, गेल्या जूनमध्ये घर हललं तेव्हा मी आत होते, तुम्ही कुठे होतात?

हॉस्पिटलातली पाळी संपली की मी निघते. खांबांवर 'भाड्याने देणे' असे कागद पुष्कळ दिसतात, पण चांगलं घर कागद वाळायच्या आत जातं. समुद्र दिसतो म्हणून एक घर दाखवलं. दिसतो खरा, पण गॅलरीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलं तर. दुसऱ्यात स्वयंपाकघराची खिडकी चारी बाजूंनी भिंती असलेल्या अरुंद बोळात उघडते. दुपारी दिवा लावावा लागतो आणि पाच घरांचे तळलेले मासे एकदम नाकात. तिसरं छान होतं, पण खाली नुसते खांब आणि काचेची दुकानं. अशाच इमारती आधी बसतात म्हणत आईने आत पाऊलच टाकलं नाही.

शिकतेय मी हळूहळू. सकाळी आवडलेलं घर संध्याकाळी पुन्हा बघते. नळ सगळे एकदम सोडते. भिंतीला टेकवलेलं कपाट असेल तर हलवायला लावते, कारण तडे कपाटामागेच राहतात. आणि मालकापेक्षा खालच्या मजल्यावरच्या बाईला आधी गाठते. हिवाळ्यात इमारत तापवणारा बॉयलर किती वेळ पेटवता असं एका मालकिणीला विचारलं, तर म्हणाली, पुरेल इतका. खालची बाई म्हणाली, मी कोट घालून झोपते.

आता मला काही गोष्टी कळव, त्याशिवाय निवड कशी करू? फोतिनी कितवीत आहे? तिला इथल्या शाळेत घेतील का, ग्रीक लिहिता येतं का तिला? सोळाव्या वर्षी भावाबरोबर पडद्याआड झोपायला ती तयार आहे का? धाकट्या योर्दानिसला खेळायला अंगण लागतं का? आणि वहिनीला उजेड लागतो असं तू लिहितोस. वहिनी स्वतः का नाही लिहीत? तिला म्हणावं, दोन ओळी तिच्या हातच्या येऊ देत.

मुलांना माझे पापे. तुम्हा सगळ्यांची आठवण हीच सध्या या खोलीतली ऐसपैस गोष्ट आहे.

तुझी,
आन्थूला


श्टुटगार्ट,
२ एप्रिल १९७९

चि. आन्थूला हिस,
अनेक आशीर्वाद.

तीनचा हट्ट धरू नकोस, झोपायच्या दोन खोल्या चालतील. फोतिनी आईजवळ झोपेल. वेळ आली तर एकही चालेल, पुढचं पुढे बघू. शाळेचं मी आल्यावर पाहीन. इतके प्रश्न विचारत बसलीस तर घर हातचं जाईल. जे बरं असेल त्याला होकार दे.

इकडे सगळं ठीक.

लाझारोस


श्टुटगार्ट,
१० एप्रिल १९७९

प्रिय वन्सं,
कल्लिरोईचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी जेवताना वाचून दाखवलं. माशांच्या वासाला सगळे हसलो. मग तुमचे प्रश्न आले आणि ह्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. फोतिनी ताटावरून उठून गेली.

वन्सं, हे पत्र मी कामाच्या ठिकाणी बसून लिहितेय. तुमच्याकडे एक मागणं आहे. मागायला लाज वाटते, पण मागते. घर सापडू देऊ नका. काही ना काही खोट काढत राहा. ह्या वर्षी तरी.

फोतिनीची शाळा संपायला दोन वर्षं आहेत. वर्गात तिचा नंबर वर असतो. ग्रीक ती बोलते, पण आजीशी बोलण्यापुरतं. तिथल्या शाळेत तिला धाकट्या मुलांच्यात बसवतील. ती ह्यांना एकदाच म्हणाली की मी येणार नाही. हे म्हणाले, मग तुझी खोली कमी झाली. गंमत नव्हती ती. त्यानंतर दोघं बोलत नाहीत. पुढे मी म्हटलं की पोरीला एकटी सोडून मीही यायची नाही. तेव्हा तुम्हाला ते खोल्या घटवणारं दुसरं पत्र गेलं.

मलाही इथे शिवणकामाच्या कारखान्यात आता वीस बायकांवर मुकादम म्हणून नेमलंय. आले तेव्हा मला सुईला जर्मनमध्ये काय म्हणतात ते माहीत नव्हतं. हे मी कौतुकासाठी लिहीत नाही. मी काय सोडून येणार ते कुणाला तरी माहीत असावं, म्हणून लिहिते.

सासूबाईंबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. त्यांना सांगू नका. ह्यांनाही नको.

रागावलात तरी माझ्यावर रागवा, मुलांवरची माया आटू देऊ नका.

तुमची,
कल्लिरोई


थेस्सालोनिकी,
२६ एप्रिल १९७९

प्रिय वहिनीस,
आन्थूलाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

ईस्टर झाला. लाल अंडी एकमेकांवर आपटताना आईचंच अंडं शाबूत राहिलं, म्हणजे वर्ष चांगलं जाणार, म्हणून ती स्वारी खुशीत आहे.

तुमचं पत्र माझ्या हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशी घर सापडलं. दुसरा मजला, हिरवी खूण, कपाटं हलवून पाहिली, भिंती स्वच्छ. स्वयंपाकघराला रस्त्याकडची खिडकी, बाहेर तुतीचं झाड. आईनेसुद्धा काठी खाली ठेवली. मालक तिलेमाखोसकाका विधुर आहेत, खालीच राहतात. आधीच्या भाडेकरूंना मी गाठलं, तर त्यांनी काकांची तारीफच केली.

वहिनी, दादाशी खोटं बोलणं मला जमणार नाही. मालकाला होकारही मी दिलेला नाही. दादाला आजच लिहिलंय की घर मिळालंय, पण तुझ्या वतीने शब्द देणार नाही. पाच माणसांचं घर एकट्या बहिणीने ठरवू नये. रजा काढ, स्वतः ये, स्वतः बघ. तुमच्या पत्राविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही.

पण तुम्ही त्याच्याशी बोला. मला लिहिलंत तसं, सुईपासून सगळं.

तुमच्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमला नाही.

तुमची,
आन्थूला


थेस्सालोनिकी,
३ जून १९७९

प्रिय वहिनीस,
आन्थूलाचा सप्रेम नमस्कार.

दादा आज गाडीत बसला. तो पोचेल तेव्हा फारसं सांगणार नाही, त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

घरात शिरल्याशिरल्या त्याने माझ्यासारखेच नळ सोडले, भिंती ठोकल्या, बॉयलरचे तास विचारले. खिडकीशी उभा राहून म्हणाला की कल्लिरोईला आवडेल. मग मागच्या खोलीत गेला. तिलेमाखोसकाकांनी सहज विचारलं की इथे कोण झोपणार. दादा म्हणाला, माझी मुलगी. काका म्हणाले, वा, काय व्हायचंय तिला?

वहिनी, दादाने माझ्याकडे पाहिलं. मलाही ठाऊक नव्हतं. काका बिचारे ओशाळून दुसरंच काही बोलायला लागले, पण दादा त्या रिकाम्या खोलीत उभाच राहिला.

खाली आलो तर आई जिन्याच्या पायरीवर बसलेली. दादा तिला म्हणाला, आई, घर चांगलं आहे, तुझ्यासाठीच येतोय मी. तेव्हा आई जे बोलली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, मी नऊ वर्षांची होते तेव्हा आम्हा ग्रीकांना तुर्कस्तानातून घालवलं, मला काळ्या समुद्रावरून बोटीत घालून इथे आणलं. आपल्याच देशात चाललोय, असं सगळे सांगत होते. मला कुणी विचारलं नाही. मी वर्षभर बोलले नव्हते. आमच्यावर निदान वेळ तशी आली होती बाबा, तुझ्यावर कुठली आलीय? माझं नाव पुढे करून पोरीला बोटीत घालू नकोस.

दादा तिच्याशेजारी पायरीवर बसला. वरच्या बिऱ्हाडातल्या बाई पिशव्या घेऊन आल्या, तर दोघांनी पाय आवरून त्यांना वाट दिली आणि परत तसेच बसले.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच काकांकडे जाऊन नाही म्हणून आला. घर लगेच गेलं, दोन लहान मुली असलेल्या कुटुंबाला. मला थोडं वाईट वाटलं, ती खिडकी माझ्या मनात भरली होती.

मी आता आईसाठी आणि माझ्यासाठी घर शोधतेय. आईला विचारलं की तुला कसं हवं. म्हणाली, तळमजला, आणि दार उघडलं की थेट रस्ता. उजेड कमी असला तरी चालेल. इतके दिवस हे मी तिला विचारलंच नव्हतं.

हे पत्र पोचल्यावरही त्याला आणखी दोन दिवस काही विचारू नका. नुसतं जेवायला वाढा.

तुमची,
आन्थूला


श्टुटगार्ट,
२४ जून १९७९

प्रिय वन्सं,
तुम्हाला आणि सासूबाईंना कल्लिरोईचा नमस्कार. वि. वि.

दोन दिवस कसले, आठवडा गेला. गेल्या रविवारी जेवताना ह्यांनी फोतिनीला विचारलं की तुला काय व्हायचंय. ती अर्धं जर्मनमध्ये बोलायला लागली. हे भडकले, आपल्या भाषेत बोल म्हणाले. ती रडली. मला वाटलं, संपलं. पण हे उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, बरं, तुला येईल तसं सांग, जे कळणार नाही ते मी विचारीन. वन्सं, तिला दातांची डॉक्टर व्हायचंय. हे तोंडावर हात ठेवून म्हणाले, मग माझ्यापासून सुरुवात कर. कितीतरी दिवसांनी हसली पोर.

मग मीही बोलले. सुईपासून सगळं.

ठरलं म्हणाल तर इतकंच ठरलंय की फोतिनीची शाळा संपेपर्यंत इथे. पुढे ज्याला जायचंय तो जाईल, ज्याला राहायचंय तो राहील, आणि प्रत्येकाला विचारलं जाईल. ह्यांनी आशा सोडलेली नाही. सुतारकामाचा कारखाना काढणाऱ्या मित्राला पत्र लिहायला बसले होते, डोळे लाल होते. म्हणाले, माती मात्र मला तिथलीच हवी. मी म्हटलं, बरं.

ऑगस्टात आम्ही चौघं येतो. तोवर तुमचा तळमजला मिळाला तर तिथे, नाहीतर तुमच्या एका खोलीत दाटीवाटीने.

एक सांगायचं राहिलं. ह्या भाड्याच्या घरात आम्ही इतकी वर्षं राहतो, पण ह्यांनी भिंतीला कधी खिळा ठोकू दिला नाही. जाताना भोकं बुजवावी लागतील म्हणायचे. लग्नाचा फोटोसुद्धा कपाटावर टेकवलेला. काल संध्याकाळी शेजाऱ्याकडून हातोडी मागून आणली आणि स्वयंपाकघरात एक खिळा ठोकला. मग मला म्हणाले, सांग, काय लावू?

मला काही सुचेना. आज रात्रीपर्यंत सुचलेलं नाही. नुसताच खिळा आहे. येता-जाता मी त्याला हात लावून बघते. पक्का बसलाय.

आमच्या चौघांचा जीव तुमच्याकडे आहे, जपून ठेवा.

तुमची,
कल्लिरोई